काम पक्कं, बिल कच्चं : भिंतीतल्या गळतीची दुरुस्ती

आधी गुण देऊन टाकते. प्लंबिंगच्या कामाला पाचपैकी साडेचार. बिलाला एक. आणि बिलावरून आमचं बोलणं झाल्यावर मिस्त्री जसे वागले, त्याला चार. सगळं मिळून एकच आकडा द्या म्हणाल तर तीन देते, पण त्या तिनात काय काय आहे ते कळल्याशिवाय तो आकडा कुणाच्या कामाचा नाही.

मिस्त्रींचं नाव लिहीत नाही. वाद मिटला आहे आणि माणसाचं पोट या कामावर आहे. रकमाही लिहीत नाही, कारण मजुरीचे आणि मालाचे दर जागोजागी वेगळे असतात. माझा आकडा वाचून कुणी आपल्या मिस्त्रीशी भांडायला जाऊ नये. त्याऐवजी एक सोपा हिशेब धरते. काम सुरू होण्याआधी मिस्त्रींनी तोंडी जो अंदाज सांगितला, तो १०० समजा. काम संपल्याच्या संध्याकाळी हातात पडलेलं बिल होतं २६८. शेवटी मी दिले २०३.

माझा धंदा शिवणकामाचा. गिऱ्हाइकानं दोन मीटर कापड दिलं आणि कपडा पावणेदोन मीटरमध्ये बसला, तर उरलेला तुकडा घडी घालून पिशवीत परत जातो. अस्तर मी आणलं असेल तर त्याची पावती जोडते. आणि ‘एवढ्याशा कामाचे एवढे पैसे?’ हे मी स्वतः इतक्यांदा ऐकलंय, की दुसऱ्या कारागिराला ते ऐकवायची माझी अजिबात इच्छा नव्हती. म्हणून ते बिल बघून मला राग आला त्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. रात्री झोप लागली नाही.

गळती बाथरूममध्ये दिसत नव्हती. दिसली ती पलीकडच्या खोलीत, सासूबाईंच्या पलंगामागे. आधी स्कर्टिंगच्या वर वीतभर रंगाला फुगे आले, मग पोपडे सुटले, मग भिंतीला लोणा लागला. लोणा म्हणजे विटांमधले आणि सिमेंटमधले क्षार. भिंतीतून झिरपणारं पाणी ते विरघळवून बाहेर आणतं, पाणी सुकून जातं आणि पांढरी भुकटी मागे उरते. सासूबाई सकाळी फडक्यानं पुसायच्या, दोन दिवसांत ती पुन्हा हजर. त्यांना दम्याचा त्रास आहे, त्यामुळे मला हे पुढच्या महिन्यावर ढकलता येणार नव्हतं. ही घाई मिस्त्रींनाही माझ्या बोलण्यातून कळली असणार.

मिस्त्री पहिल्यांदा आले ते हातोडा न घेता, हे मला आवडलं. त्यांनी ओलीच्या कडेनं पेन्सिलची रेघ मारली, बाजूला तारीख लिहिली आणि म्हणाले, “ताई, दोन दिवस हे बाथरूम वापरू नका, पण लाइन चालू राहू द्या.” कारण त्यांनी नीट समजावून सांगितलं. वापर बंद असूनही ओल वाढत राहिली, तर दोष दाबाच्या लाइनमध्ये, म्हणजे टाकीतून नळाकडे येणाऱ्या पाइपात. आंघोळीनंतरच वाढत असेल, तर सांडपाण्याच्या पाइपात, नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या पाणी जायच्या भोकाखालच्या भांड्यात) किंवा टाइल्सच्या सांध्यांत. दोन दिवसांनी ओल रेघेच्या पुढे चार बोटं सरकली होती. मग त्यांनी बाथरूमचा व्हॉल्व्ह एक दिवस बंद ठेवायला लावला. ओल जागच्या जागी थांबली. म्हणजे दाबाचीच लाइन. एक टाइल न फोडता निदान झालं. मी आजवर जेवढे मिस्त्री पाहिले, त्यांतले निम्मे तरी आधी फोडतात आणि मग शोधतात.

मग अंदाज. तो मी जसाच्या तसा लिहिते, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

“एखादा जॉइंट गेला असेल ताई. सात-आठ टाइल काढू, जॉइंट बदलू, परत बसवू. दोन दिवसांचं काम.”

“किती होतील दादा?”

त्यांनी आकडा सांगितला, आणि वर म्हणाले, “त्याच्या आत-बाहेर.”

मी मान डोलावली. ‘आत-बाहेर’ म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. माझ्या दुकानात कुणी नवा कपडा शिवायला टाकला की मी लिहून देते, कापड कमी पडलं तर शिवण्याआधी फोन करीन. तोच साधा प्रश्न, ‘किती वाढलं की काम थांबवून मला विचाराल?’, मी स्वतः गिऱ्हाईक असताना विचारायला विसरले. त्या दोन शब्दांत त्यांच्या दृष्टीनं दुप्पट-अडीचपट मावत होती. माझ्या दृष्टीनं शंभराचे एकशेदहा, फार तर एकशेवीस. दोघंही खोटं बोलत नव्हतो.

आणखी एक गोष्ट. अंदाज आणि ठरलेला दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ठरलेल्या दरात काम वाढलं तर तोटा कारागिराचा, कमी झालं तर नफाही त्याचाच. अंदाजात वाढलेलं काम गिऱ्हाइकाच्या खिशातून जातं. भिंतीच्या आत काय आहे हे बाहेरून कुणालाच दिसत नाही, तेव्हा अशा कामाला कुणी शहाणा मिस्त्री ठरलेला दर देणार नाही, आणि त्यानं द्यावा असं मी म्हणतही नाही. पण अंदाज चुकला की तो चुकल्याचं त्याच क्षणी सांगायला हवं. हे माझं पहिलं गाऱ्हाणं आणि तेच सगळ्यांत मोठं. बाकीचे आकड्यांचे वाद त्याच्या पोटातून निघाले.

काम कसं झालं ते सांगते, कारण साडेचार गुण मी उगाच देत नाही. पहिल्या दिवशी ब्रेकर मशीननं भिंत उघडली. जॉइंट गेला होता हे खरं, पण पाइप जुना लोखंडी, जस्ताचा मुलामा दिलेला, आणि तो जिथे कापावा तिथे कुजलेला. मिस्त्रींनी वीतभर तुकडा कापून वर्तमानपत्रावर ठेवला आणि मला हाक मारली. अर्धा इंची पाइप, पण आत गंजाचे तांबूस थर चढून चढून मध्ये एवढंसं भोक उरलं होतं की माझी खडूची पेन्सिलही आत गेली नाही. वरून चाचपला तर एका जागी बोटाच्या दाबानं पापुद्रा निघाला. “ताई, एवढाच जॉइंट बदलला तर सहा महिन्यांत पुढचा फुटेल. गरम-थंड दोन्ही लाइन बदलाव्या लागतील.” मी म्हटलं, “बदला.” हे त्यांनी मला विचारलं, याचं श्रेय त्यांना देते. किती वाढतील ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी नवी सीपीव्हीसी लाइन, म्हणजे गरम पाणीही सोसणाऱ्या प्लास्टिकच्या पाइपाची, टाकली. त्यांचा हात सुंदर आहे. पाइप काटकोनात कापायचा, कडेची कूस चाकूनं काढायची, सॉल्व्हंट (पाइप चिकटवायचा द्रव) दोन्हीकडे लावायचं, पाइप एल्बोत, म्हणजे वळणाच्या जोडात, घालताना पाव फेरा द्यायचा आणि काही वेळ तसाच धरून ठेवायचा. मी दारात उभी राहून बघत होते. शिवणीवर उलटा टाका घालून पक्की करतात ना, तशी ती पाव फेऱ्याची सवय त्यांच्या मनगटात बसलेली आहे. मग टेस्टिंग पंप लावून लाइनीत रोजच्या वापराच्या दीडपट दाब भरला आणि काटा तासभर तपासला. काटा तसूभर हलला नाही. त्यानंतरच झिरी, म्हणजे पाइपासाठी भिंतीत खोदलेली खाच, बुजवायला घेतली. पुष्कळ जण ही दाबाची चाचणी टाळतात, आणि मग टाइल बसवल्यावर पुन्हा फोडाफोडी होते.

तिसऱ्या दिवशी झिरी भरून वर गिलावा केला आणि दुपारी मिस्त्री आणि त्यांचा मदतनीस दोघंही गेले. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात आलं की एवढं उघडलंच आहे तर फरशीचा उतारही सुधारून घ्यावा. पाणी ट्रॅपकडे न जाता कोपऱ्यात साचायचं. “हेही करून टाका दादा.” त्यांनी जुनी फरशी उचलली, पातळी लावून नवा उतार दिला, वॉटरप्रूफिंगचा हात मारला. पाचव्या दिवशी फक्त त्यांचा मदतनीस पोरगा आला, दुसरा हात मारून आणि गिलाव्यावर पाणी शिंपडून गेला. मग ट्रॅपचं तोंड बंद करून फरशीवर दोन इंच पाणी दोन दिवस साठवून ठेवलं. खालच्या घराच्या छताला डाग आला नाही. सहाव्या दिवशी टाइल्स. एकूण नऊ दिवसांत सहा दिवस माणसं आली.

अर्धा गुण कापलाय तो टाइल्सच्या एका ओळीसाठी. कोपऱ्यातली ओळ खालून वर जाताना अर्धा सूत वाकते. रोज तिथे नजर जाते, पण पाण्याशी त्याचा संबंध नाही.

आता बिल. त्यांच्या वहीतलं फाडलेलं पान. त्यावर एक ओळ: ‘बाथरूम लिकेज काम, लेबर मटेरियलसह’, आणि पुढे रक्कम. पानाच्या खाली दुहेरी रेघ. नऊ दिवस धूळ, सिमेंटची घमेली, एकोणीस पोती डबर, दाबाची चाचणी, आणि कागदावर त्याची एक ओळ.

मी म्हटलं, “दादा, हे मला आज कळत नाहीये. उद्या बोलू.” ते म्हणाले, “बघा ताई, काम वाढलं ना.” त्यांचा चेहराही उतरला होता. पोरगा जिन्यात थांबला होता, त्याला त्या दिवशीचे पैसे हवे होते हे मला दिसत होतं.

इथे मी जे केलं ते बरोबर होतं असं मला आजही वाटतं. सगळे पैसे अडवले नाहीत आणि सगळे दिलेही नाहीत. दोन्हीकडे घोळ असतो. सगळे अडवले तर ज्या कामाबद्दल तक्रारच नाही त्याचेही पैसे अडतात, पोराची मजुरी अडते, आणि समोरचा माणूस हिशेब दाखवायच्या आधीच चिडतो. सगळे देऊन टाकले तर नंतर बोलायला जागा राहत नाही. जे निर्विवाद होतं त्याचा मी माझ्यापुरता अंदाज काढला, १५०, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधी पाठवून दिले. सोबत हा निरोप:

“दादा, काम चांगलं झालंय. १५० पाठवते आहे, त्याबद्दल माझा काही वाद नाही. उरलेल्या ११८ बद्दल मला समजून घ्यायचंय. कृपा करून मजुरीचे दिवस, पाइपाचे फूट, फिटिंगचे नग, सिमेंटच्या पिशव्या, मशीनचं भाडं असं वेगवेगळं लिहून द्या. हार्डवेअरच्या दुकानाच्या पावत्या असतील तर त्याही पाठवा. ते बघून जे निघेल ते त्याच दिवशी देईन.”

निरोपात ‘जास्त’, ‘फसवणूक’, ‘लूट’ असा एक शब्द नाही. मुद्दाम नाही. मला खरंच माहीत नव्हतं काय झालंय, आणि जे माहीत नाही त्याचा आरोप करू नये.

संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. मजुरी ६ दिवस, १३२. माल ८८. ब्रेकर मशीनचं भाडं २ दिवस, १८. डबर उचलणं १२. व्हिजिट ३, मिळून १८. बेरीज २६८, बरोबर. मालाच्या आत पाइप ६० फूट, फिटिंग ३४ नग, सिमेंट ४ पिशव्या, वॉटरप्रूफिंग, टाइल्स, चिकटवायचा माल.

साठ फूट वाचलं आणि मी खुर्चीतून उठले. आमचं बाथरूम पाच बाय सात.

भिंत उघडी असताना मी रोज फोटो काढले होते. कारण वेगळं होतं: पुढे कधी खिळा ठोकायचा झाला तर पाइप कुठून गेलाय ते कळावं. पण त्या फोटोंत पाइपांच्या दोन्ही बाजूंना न काढलेल्या टाइल्स होत्या आणि आमची टाइल एक फूट बाय दीड फूट. म्हणजे भिंतीवर आपसूकच फूटपट्टी छापलेली. मी फोटो मोठा करून टाइल्स मोजत गेले आणि जिथे शंका आली तिथे बाथरूममध्ये जाऊन गळ्यातली टेप लावली. गरम लाइन, थंड लाइन, बेसिनकडची फांदी. तेवीस फूट. पाइप तीन मीटरच्या लांबीत आणला होता, म्हणजे जवळजवळ दहा फुटी. तेवीस फुटाला तीन लांब्या लागणार, तुकडे वाया जाणार, तेव्हा तीस फुटांचे पैसे देणं रास्त. कापडाचंही असंच असतं, पन्हा ठरलेला असतो आणि कातरण गिऱ्हाइकाच्याच वाट्याला येते. तीस मान्य. साठ कसे?

फिटिंग मोजली. एल्बो, टी, कपलिंग, नळाकडचे पितळी आट्यांचे एल्बो, सगळे मिळून फोटोत बावीस. सिमेंटचा हिशेबही मांडला. तेवीस फुटांची झिरी, चार इंच रुंद, अडीच इंच खोल, म्हणजे साधारण १.६ घनफूट. भिंतीच्या अठ्ठावीस टाइल्सच्या मागे पाऊण इंच माल, म्हणजे आणखी २.६. एकास चार मालात (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू) कोरडा माल ओला होताना आकसतो ते धरलं तरी सिमेंट एक पिशवीच्या आसपास. पन्नास किलोची पिशवी सव्वा घनफुटाच्या आसपास भरते. वाया जाणारं धरून मी कागदावर लिहिलं: सिमेंट दीड पिशवी, बिलात चार.

पण एकट्या माझ्या मोजमापावर विसंबून बसायचं नव्हतं. ओळखीतून दुसऱ्या एका प्लंबरना बोलावलं, कुणाचं काम ते न सांगता फोटो आणि बिलाची फोड दाखवली, आणि त्यांच्या अर्ध्या तासाचे पैसे दिले. फुकट सल्ला मागून दुसऱ्या कारागिराची मजुरी कापायची हे मला जमलं नसतं. त्यांचं म्हणणं मोलाचं ठरलं. रोजाचा दर ठीक आहे, उलट थोडा कमीच. काम उत्तम आहे. पाइप दुप्पट दिसतो. आणि मालासाठी जाणं-येणं रोजात धरलेलं असतं, त्याची वेगळी व्हिजिट लावत नाहीत.

म्हणजे दर महाग नव्हता, मोजमाप चुकलं होतं. हे कळल्यावर माझं मन शांत झालं. दर कमी करा म्हणणं म्हणजे माणसाच्या हाताची किंमत पाडणं. मोजमाप तपासू या म्हणण्यात कुणाचा अपमान नाही.

रविवारी मिस्त्री घरी आले. आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलो, फोटो समोर, टेप समोर, त्यांची वही समोर. पाइपाचं बोलणं निघालं तसं मी त्यांना बाथरूममध्ये नेलं आणि टेपचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. आम्ही दोघांनी मिळून टाइल्सवरून मोजलं. तेवीस. ते काही क्षण गप्प उभे राहिले. मग वही चाळत बसले, आणि एका पानावर थांबले. त्या दिवशी त्यांनी दुकानातून सहा लांब्या उचलल्या होत्या, तीन माझ्या आणि तीन दुसऱ्या घरच्या. पावती एकच. बिल करताना सगळीच्या सगळी पावती माझ्या नावावर चढली. फिटिंगचंही तसंच. “चूक झाली ताई,” ते म्हणाले. हे त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, त्यावर माझा विश्वास बसला. त्यांच्याकडे हिशेब ठेवायला कुणी नाही. दिवसभर भिंती फोडून रात्री दमून ते वहीत आकडे मांडतात.

फिटिंगचे बावीस मी म्हटले, त्यांनी आणखी तीन दाखवून दिले. एल्बो वाकडा बसला आणि सॉल्व्हंटनं धरला की तो सुटत नाही, पाइपासकट कापून टाकावा लागतो. असे तीन तुकडे डबरात गेलेले मी स्वतः पाहिले होते. पंचवीस ठरले.

सिमेंटात मी चुकले होते. माझा दीड पिशवीचा कागद त्यांनी शांतपणे वाचला आणि विचारलं, “आणि फरशी?” फरशीचा नवा उतार मी हिशेबात धरलाच नव्हता, तो तर मीच करायला लावलेला. पस्तीस चौरस फूट, सरासरी दोन इंच जाडी, त्याची एकट्याचीच सव्वा पिशवी. शिवाय टाइलखालची सिमेंटची रबडी. मी तिथल्या तिथे माफी मागितली. रिकाम्या पिशव्या डबर भरायला वापरल्या होत्या आणि भरताना मी तीन मोजल्या होत्या. चौथी न फोडता अवजारांबरोबर परत गेल्याचं त्यांना आठवलं. तीन ठरल्या. माल ८८ वरून ६६ वर आला. त्यात मालावर त्यांनी धरलेला थोडा नफा आहे, तो मी काढायला लावला नाही. माल निवडून आणणं, खराब निघाला तर बदलून आणणं, हेही कामच आहे.

मजुरीचा वाद सगळ्यांत अवघड गेला. वाद घातला म्हणून अवघड नाही, लाज वाटली म्हणून. माझ्या कॅलेंडरवर त्यांच्या येण्याजाण्याच्या वेळा होत्या. दुकान सांभाळून दार उघडावं लागायचं म्हणून लिहिलेल्या. तिसऱ्या दिवशी दोघं दुपारी गेले. पाचव्या दिवशी एकटा पोरगा होता. ते म्हणाले, “अर्ध्या दिवसानं आम्हाला दुसरं काम कुठे मिळतं?” हे खरं आहे. मलाही अर्धा दिवस मोकळा पडला तर मशीन बंदच राहतं. मी म्हटलं, “दादा, काम नव्हतं म्हणून गेला असतात तर मी पूर्ण दिवस मानला असता. तुम्ही दुसऱ्या साइटवर गेलात, तसं सांगून गेलात.” त्यांनी मान हलवली. तिसरा अर्धा, पाचवा अर्धा, एकूण पाच दिवस. १३२ चे ११०. पोराच्या मजुरीत कपात करायची नाही, एवढं मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. त्यांनी तसं वहीत लिहिलं.

बाकीचं भराभर झालं. मशीन भिंतीसाठी एकच दिवस चाललं. फरशीखालचा जुना थर पोकळ होता, तो छिन्नीनंच निघाला आणि मशीन कोपऱ्यात तसंच पडून होतं. १८ चे ९. व्हिजिट एक, तपासणीची, आणि ती खरं तर कमीच आहे, कारण त्या तपासणीसाठी ते तीनदा आले होते. ६. डबराचे १२ मी बोललेच नाही. एकोणीस पोती दोन माणसांनी पाठीवरून खाली नेली आहेत.

११०, ६६, ९, १२, ६. बेरीज २०३. दीडशे आधी दिले होते, त्रेपन्न तिथेच दिले. त्यांनी नव्या पानावर सगळ्या ओळी वेगवेगळ्या लिहिल्या, खाली ‘बाकी काही नाही’ असं लिहून सही केली. मीही केली. शंभराचे दोनशे तीन झाले, पण ते कशाचे ते मला आता ओळीओळीनं सांगता येतं: निम्मी वाढ कुजलेल्या लाइनीची, निम्मी माझ्या फरशीची.

उठताना ते म्हणाले, “ताई, लोक एकतर देऊन टाकतात आणि परत बोलवत नाहीत, नाहीतर ओरडतात. टेप घेऊन कुणी बसत नाही.” मला ते मनाला लागलं. किती घरांतून त्यांना पुन्हा बोलावणं आलं नसेल आणि का नाही आलं ते त्यांना कधीच कळलं नसेल.

मी त्यांना परत बोलावलं. तीन महिन्यांनी बेसिनखालचा अँगल व्हॉल्व्ह ठिबकायला लागला. ते आले, टॉर्च लावून बघितलं, आणि पाना हातात घ्यायच्या आधी खिशातून वही काढली. व्हॉल्व्ह १ नग, टेफ्लॉन टेप, मजुरी, आणि खाली एक ओळ: ‘आतली आटी गेलेली निघाली तर आधी सांगीन.’ पान फाडून माझ्या हातात दिलं आणि मग टाकीकडचा कॉक बंद करायला गेले. आटी शाबूत होती.

सासूबाईंच्या पलंगामागची भिंत अजून रंगवलेली नाही. पूर्ण सुकू द्या, घाई केलीत तर पुन्हा पोपडे येतील, असं मिस्त्रींनी सांगितलंय. पेन्सिलच्या रेघा आणि तारखा तिथे तशाच आहेत. सासूबाई सकाळी फडकं घेऊन जातात, हात फिरवून बघतात, आणि फडकं कोरडंच परत आणतात.